वाचकांचे प्रश्न : जुळ्यांची वाढ आणि तपासण्या

एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांच्या तपासण्यांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांत जुळ्यांच्या पालकांची पत्रे इतकी होती की या वेळची सगळी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. बहुतेक पत्रांत एकच वाक्य निरनिराळ्या रूपांत आले आहे : ‘दुसऱ्याला जमते, मग याला का नाही?’ उत्तरे वाचताना लक्षात येईल की त्या दुसऱ्याला मी प्रत्येक वेळी थोडे बाजूला बसवले आहे.

प्रश्न : आम्हाला मुलगा व मुलगी अशी जुळी आहेत. प्रसूती ३४व्या आठवड्यात झाली. मुलीचे जन्मवजन २.१ किलो होते, मुलाचे १.६ किलो, तो बारा दिवस काचेच्या पेटीत होता. आता दोघे १५ महिन्यांचे आहेत. मुलगी महिन्याभरापासून घरभर चालते. मुलगा धरून उभा राहतो, पलंगाच्या कडेकडेने सरकतो, पण हात सोडत नाही. घरात रोज यावरून बोलणे होते. त्याची तपासणी करून घ्यावी का? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातला पहिलाच आकडा, म्हणजे ३४ आठवडे, हा या उत्तराचा पाया आहे. गर्भाचे पूर्ण दिवस ४० आठवडे धरले, तर आपली मुले सहा आठवडे आधी जन्मली. हे सहा आठवडे वयातून वजा केल्यावर जे उरते त्याला सुधारित वय म्हणतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे चालणे, बोलणे, वजन, उंची हे सारे दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याच वयावर जोखायचे असते. दाखल्यावर १५ महिन्यांची असलेली आपली मुले विकासाच्या हिशेबात साडेतेरा महिन्यांची आहेत. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, त्यामुळे ही वजाबाकी जुळ्यांच्या घरी बहुधा करावीच लागते. तरीही ती राहून जाते, कारण वाढदिवस मात्र सगळ्यांना दाखल्यावरचाच पाठ असतो.

आता साडेतेरा महिन्यांचे मूल आधाराशिवाय चालत नसेल तर ते मागे आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांची पाहणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार निरोगी मुले साधारण ८.२ ते १७.६ महिने या एवढ्या मोठ्या पट्ट्यात केव्हाही आधाराशिवाय चालू लागतात. त्याच पाहणीत सुमारे ४.३ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आपली मुलगी या पट्ट्यात जिथे बसते तिथे मुलानेही बसावे अशी अपेक्षा ठेवायला काहीच आधार नाही. तो धरून उभा राहतो आणि कडेने सरकतो, म्हणजे चालण्याच्या आधीची पायरी त्याने गाठलेली आहे.

एवढे सांगूनही माझे उत्तर ‘तपासणी करून घ्या’ असेच आहे, मात्र त्याचे कारण बहीण चालते हे नाही. जन्मवजन १.६ किलो आणि नवजात अतिदक्षता कक्षातला मुक्काम असलेल्या मुलाची विकासतपासणी तो कितीही चपळ असला तरी ठरावीक टप्प्यांवर व्हायलाच हवी. तोपर्यंत घरी काही गोष्टींवर लक्ष ठेवावे. दुपटे बदलताना पाय ताठ राहून कात्रीसारखे एकमेकांवर येतात का, उभे राहताना टाचा सतत वर राहतात का, खेळणे उचलताना तो एकच हात वापरून दुसरा मुठीत ठेवतो का, हे पाहावे. मूल डावरे की उजवे हे दीड वर्षाच्या आत पक्के ठरत नाही. त्याआधीच एक हात ठामपणे मागे राहत असेल तर ते कौतुकाचे नसून डॉक्टरांना दाखवण्याचे लक्षण आहे. आणि येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. यांपैकी काहीच नसेल आणि तरीही सुधारित १८ महिन्यांपर्यंत त्याने हात सोडला नाही, तर तेव्हा पुन्हा सविस्तर तपासणी करून घ्यावी.

बालरोगतज्ज्ञांकडे चाळणीसाठी, म्हणजे पहिल्या ढोबळ तपासणीसाठी, त्रिवेंद्रमचा १७ बाबींचा तक्ता वापरतात. तो काही मिनिटांत होतो. त्यात शंका आली तर ‘डासी’ ही भारतीय बालकांसाठीची सविस्तर चाचणी करतात, तीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ बाबी असतात. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा मुलांना विनामूल्य पाहतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे, म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेल्या योजनेचे, फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्यांच्याकडूनही या केंद्रासाठीची चिठ्ठी मिळते.

मुलीलाही त्याच दिवशी तपासून घ्या. लवकर चालणाऱ्या मुलाचे घरात इतके गोडवे गायले जातात की ते बोलते किती, बोटाने दाखवते का, हाकेला ओ देते का, हे विचारायचेच राहते. माझ्या अनुभवात उशिरा दवाखान्यात येणारे मूल पुष्कळदा ‘हुशार’ ठरलेले जुळे असते.

प्रश्न : आमच्या जुळ्या मुली १७ महिन्यांच्या आहेत, ३५ आठवड्यांना जन्मल्या. लसी सुधारित वयाने द्यायच्या की जन्मतारखेने? मागच्या वेळी एकीला सर्दी होती म्हणून तिला परत पाठवले आणि दुसरीला गोवरची सुई दिली, असे आठवते. पण दोन्ही कार्डांवर एकच नोंद आहे. दोघी दिसायला अगदी सारख्या. आता काय करावे? (एक वडील, लातूर)

उत्तर : लसी जन्मतारखेनेच द्यायच्या. वय वजा करण्याचा नियम विकासाला आणि वाढीला लागू आहे, लसींना नाही. वजन कमी आहे म्हणून डोसही कमी होत नाही. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर असतो, आणि त्याच सुमारास ‘अ’ जीवनसत्त्वाचा दुसरा, दोन लाख युनिटांचा डोस येतो. साधी सर्दी किंवा किरकोळ खोकला हे लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. एक खरोखर तापाने फणफणली असेल तर दुसरीला ठरल्या दिवशी घेऊन जावे. दोघींचे एकत्रच व्हावे हा हट्ट धरल्याने दोघींच्याही लसी रखडतात.

घोळ निस्तरायचा तर प्रथम उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे त्यांची स्वतःची नोंदवही पाहावी. तीत बहुधा खरे सापडते. नोंद कुठेच नसेल, तर डोस मिळालाच नाही असे धरून तो द्यावा लागतो. गोवर-रुबेलाचा एखादा डोस जादा पडल्याने अपाय होत नाही. त्रिगुणीच्या जादा डोसाने सुईच्या जागी सूज आणि दुखणे वाढू शकते, म्हणून तिचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. मधला डोस चुकला म्हणून सगळ्या लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत.

पुढे असे होऊ नये म्हणून एकीच्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिश लावावे आणि तो रंग कोणाचा हे तिच्या माता बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. मनगटातला काळा दोरा किंवा मणी याइतका कामाचा नाही, कारण तो घरात अंघोळीला काढला जातो आणि नंतर कोणाच्या हातात बांधला जाईल याची खात्री नसते. यू-विन या सरकारी लसनोंदणीच्या संकेतस्थळावर दोघींची नोंदणी वेगवेगळी झाली आहे ना, हेही पाहावे. लसीनंतर ताप आला तर औषध दोघींच्या वजनानुसार वेगवेगळे मोजावे. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरमागे १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदी बाजारात असतात. ‘मागच्या वेळी अर्धा चमचा दिला होता’ या आठवणीवर नवी बाटली रिकामी करू नये.

प्रश्न : माझे जुळे मुलगे २ वर्षे १ महिन्याचे आहेत. आपसांत सतत काहीतरी बोलतात, हसतात, भांडतात, पण त्यांची भाषा आम्हाला कळत नाही. आमच्याशी बोलताना ‘आई’, ‘बाबा’, ‘नको’, ‘दूदू’ असे दहा-बारा शब्द आहेत. सासूबाई वेखंड उगाळून जिभेला लावा म्हणतात. शेजारचे म्हणतात, जुळे उशिराच बोलतात. (एक आई, डोंबिवली)

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि घात होतो तो त्या अर्ध्या खऱ्यानेच. जुळी मुले सरासरीने थोडी उशिरा बोलतात हे खरे. त्यांपैकी पुष्कळ अपुऱ्या दिवसांची असतात हे एक कारण, पण त्याहून मोठे कारण घरातल्या व्यवहारात असते. एकट्या मुलाशी आई दिवसभर बोलते; जुळ्यांच्या आईच्या तोंडी दिवसभरात ‘चला’, ‘बसा’, ‘मारू नका’ अशी अनेकवचनी आज्ञार्थी वाक्येच अधिक येतात. त्यात भर म्हणजे मुलाच्या समोर जो सर्वाधिक वेळ असतो तोही अजून बोलता न येणारा. मग दोघे एकमेकांचे चुकीचे उच्चार उचलतात, ते पक्के होतात आणि बाहेरच्याला ती परकी भाषा वाटते. नीट ऐकले तर तिच्यात मोडकेतोडके मराठीच सापडते. या खाजगी बोलण्याने काही बिघडत नाही. त्याच्या जोडीला घरातली भाषा वाढते की नाही, एवढेच पाहायचे.

आपल्या मुलांची ती पुरेशी वाढलेली नाही. दोन वर्षांच्या सुमारास सुमारे पन्नास शब्द आणि ‘आई ये’, ‘बाबा गेला’ अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. दहा-बारा शब्दांवर थांबलेल्या मुलांना ‘जुळे आहेत, बोलतील’ म्हणून आणखी सहा महिने देणे मला मान्य नाही. दोघेही सारखेच मागे असले की त्यांचे मागे असणे घरात दिसेनासे होते.

पहिली तपासणी कानांची. जन्मावेळी कानांची चाचणी ‘पास’ झाली होती, या कागदावर विसंबू नये. नंतरच्या सर्दी-कानदुखीने कानात पाणी साचून ऐकणे मंदावू शकते, आणि मुले अतिदक्षता कक्षात राहिलेली असतील तर ‘बेरा’ ही मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का हे पाहणारी चाचणी झालेली असावी लागते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवण आणि वाचा दोन्हींची तपासणी होते. डोंबिवलीहून ते अंतर फार नाही.

दुसरी तपासणी संवादाची. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ ही वीस प्रश्नांची स्वमग्नतेची चाळणी आहे. ती प्रत्येक मुलासाठी वेगळ्या कागदावर आणि शक्यतो वेगळ्या दिवशी भरावी. एकाच बैठकीत दोन भरल्या की दुसऱ्याची उत्तरे पहिल्याच्या तुलनेने लिहिली जातात. प्रत्येकाविषयी स्वतःला विचारून पाहा : हवी ती वस्तू तो बोटाने दाखवतो का? आकाशातले विमान केवळ आपल्याला दाखवण्यासाठी दाखवतो का? खूण न करता सांगितलेली ‘चप्पल आण’सारखी गोष्ट करतो का? आणि नावाने हाक मारली तर वळतो का? शेवटचा प्रश्न जुळ्यांच्या घरी फसवा असतो, कारण पुष्कळ घरांत दोघांना मिळून एकच जोडनाव असते आणि एकाने मान वळवली की दुसराही वळतो. दुसऱ्याला बाहेर पाठवून, पाठीमागून, एकट्याचे नाव घेऊन हाक मारून पाहावे. हीच काळजी तपासणाऱ्यानेही घ्यायला हवी. एका मुलाची चाचणी चालू असताना दुसरा खोलीबाहेर असावा, नाहीतर चित्र एकाला दाखवले जाते आणि उत्तर दुसरा देतो.

घरी करण्यासारखे एकच सांगतो, पण ते रोजचे आहे. दिवसातून वीस मिनिटे एकेकाला वेगळे न्या. भाजी निवडताना एक तुमच्याजवळ, दुसरा आजोबांबरोबर खाली वाण्याकडे, संध्याकाळी उलट. तेवढ्या वेळात त्याच्याशी एकवचनात बोला आणि त्याने काही सांगायच्या आत वस्तू हातात देऊ नका. मोबाइलवरची बालगीते या वीस मिनिटांत बसत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, अपवाद नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

वेखंडाविषयी सासूबाईंना एवढे सांगावे की जीभ जड असल्यामुळे मूल बोलायचे थांबत नाही. जीभ खालून चिकटलेली असली तरी फार तर उच्चार अडखळतात, शब्द अडत नाहीत.

प्रश्न : माझ्या नातींना नुकतीच दोन वर्षे पूर्ण झाली. पूर्ण दिवसांच्या, पण जन्मतः एक २.४ किलो आणि दुसरी १.७ किलो. आज मोठी १०.६ आणि धाकटी ८.७ किलो आहे. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, धाकटी पिवळ्या पट्ट्यात आहे. एकाच ताटात, एकाच हाताने भरवते, तरी असे का? (एक आजी, नंदुरबार)

उत्तर : आजी, ताईंचे म्हणणे बरोबर आहे. दोन वर्षांच्या मुलीचे वजन ९ किलोच्या खाली गेले की ते वाढीच्या तक्त्यावरच्या पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात येते आणि ८.१ च्या खाली गेले तर तीव्र कमी वजनात. मात्र एका ठिपक्यापेक्षा ठिपक्यांची ओळ जास्त सांगते. पत्रासोबत पाठवलेल्या कार्डाच्या फोटोत धाकटी दीड वर्षाची असताना ७.८ किलो दिसते, म्हणजे सहा महिन्यांत तिने ९०० ग्रॅम मिळवले आहेत. तक्त्यावरची पिवळ्या पट्ट्याची वरची रेषाही याच काळात जवळपास तेवढीच चढते. धाकटी आपल्या रेषेला धरून चालली आहे, घसरलेली नाही. पोटात असतानाच दोघींच्या वाट्याला आलेला आहार कमी-अधिक होता, आणि ती तफावत दोन वर्षांत पुरती भरून निघतेच असे नाही.

तरी निश्चिंत राहू नये. तिची उंची, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर मोजून घ्यावा. दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर ते कुपोषण समजतात. हिमोग्लोबिन पाहावे, कारण कमी वजनाने जन्मलेल्या मुलांचा लोहाचा साठा लवकर संपतो. लोहाचे पातळ औषध सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर देतात; आशाताईंकडून दोघींसाठी दोन बाटल्या मागून घ्याव्यात. एका बाटलीत दोघी असल्या की महिन्याअखेर कोणाचे किती झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि ताट वेगळे करावे. एका ताटातून भरवताना पुढचा घास ‘आ’ करणाऱ्या तोंडात जातो, आणि ‘आ’ नेहमी मोठीच आधी करते. दोन वाट्या घेतल्या की संध्याकाळी धाकटीच्या वाटीत काय उरले ते दिसते. तिच्या मऊ वरणभातात तूप किंवा तेलाची धार, भाजीत शेंगदाण्याचे कूट, खात असाल तर अंडे, आणि दिवसभरात दूध अर्ध्या लिटरच्या आत. दुधाने पोट भरलेले मूल जेवत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतेच.

प्रश्न : जुळ्यांसाठी वॉकर आणावा की पांगुळगाडा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आत बसवायचा चाकांचा वॉकर आणू नये. मूल त्यात पायाच्या बोटांनी ढकलत जाते, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि उंबरठा किंवा जिना यांवर गाडीसकट कोसळते. कॅनडाने २००४ मध्येच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. लाकडी पांगुळगाडा वेगळा : त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. धरून उभे राहता येऊ लागल्यावर, सपाट जागी आणि कोणीतरी जवळ असताना तो चालेल. एकच आणलात तर दुसरे जुळे पुढच्या चाकात बोटे घालते, एवढे धरून चाला.

प्रश्न : आमची जुळी ३१ आठवड्यांची, १.३ आणि १.५ किलोची. एक महिन्याची असताना डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली, पुढे काही नाही म्हणाले. आता ती १४ महिन्यांची आहेत. एका रुग्णालयात पुन्हा नेले, तर दहा मिनिटांत एकाचेच डोळे पाहून ‘दुसऱ्याचेही ठीकच असणार’ म्हणून परत पाठवले. हे बरोबर आहे का? (एक आई, नाशिक)

उत्तर : बरोबर नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळांची पडद्याची तपासणी पहिल्या महिनाभरात करतात ती अपुऱ्या दिवसांमुळे होणाऱ्या पडद्याच्या विकारासाठी. तो नसला तरी या मुलांमध्ये तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर यांचे प्रमाण अधिक असते, आणि ते पुढे उघड होतात. म्हणून वर्षाच्या सुमारास एकदा आणि तीन वर्षांच्या आसपास पुन्हा, दोघांच्याही चारही डोळ्यांची स्वतंत्र तपासणी हवी. जन्मवजन वेगळे, आजारपण वेगळे. एकाच्या डोळ्यावरून दुसऱ्याच्या डोळ्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

भेट ठरवतानाच दोन नावे, दोन वेळा मागून घ्याव्यात. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर उजेड सहन होत नाही आणि मूल काही तास किरकिरते, म्हणून घरात दुसरा मोठा माणूस सोबत येणार नसेल तर दोघांना दोन वेगवेगळ्या दिवशी न्यावे. आणि दोन्ही वेळा कागदावर मुलाचे नाव स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय उठू नये.